अजून एक ऊन

(दृश्य: पहाट. विलेपार्ले पूर्व. चार मजली इमारतीची गच्ची. मांडवावर दोडक्याचा वेल, पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या.)

ऑक्टोबर लागला की मुंबईत जो तो उन्हाला बोल लावतो. माझी आई मात्र या उन्हाची वाट बघत असते.

मोसमी पाऊस मुंबईतून परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. पाऊस गेला की वारा फिरतो, पूर्वेकडून, जमिनीवरून येऊ लागतो. समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो आणि पारा ३५ अंशांच्या वर चढतो. घामाच्या धारा लागतात, पण गच्चीवरची फरशी दहा वाजताच तापलेली असते. पुढे दिवाळी, आणि पहाटेचं दव. मधल्या या तीन-चार आठवड्यांत आईला पावसाळी वेल उतरवायचे असतात, त्यातलं काही रांधायचं असतं आणि उरलेलं बरणीत घालायचं असतं.

(दृश्य: विटांवर ठेवलेले अर्धे कापलेले निळे ड्रम.)

ड्रम विटांवर ठेवलेत ते पाणी वाहून जावं आणि खाली स्लॅबला ओल धरू नये म्हणून. आत माती थोडीच. बाकी नारळाच्या शेंड्या, वाळका पाला आणि घरातला ओला कचरा. मुंबईला हे नवं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास अशीच बाग उभी राहिली, तिथल्याच ओल्या कचऱ्यावर. आई तिथे कधी गेलेली नाही. तिने हे परसात वाढलेल्या स्वतःच्या आईकडून उचललं आणि परस नव्हतं म्हणून गच्चीवर चढवलं.

(दृश्य: आईचा हात दोडक्यावर. अंगठ्याचं नख शिरेवर टेकतं.)

दोडका कधी काढायचा हे ती लांबी बघून ठरवत नाही. शिरेवर नख टेकवते. नख सहज रुतलं तर कोवळा. अडखळलं तर दोन दिवस उशीर झाला, आत दोरे धरायला लागले. एकाच दोडक्याला तिने लाल दोरा बांधलाय. तो बियाण्याचा. त्याला कोणी हात लावायचा नाही, अगदी पाहुणा आला तरी.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे देठाकडची एक चकती कापून जिभेला लावायची. कडू लागला तर अख्खा दोडका फेकायचा. दुधीचंही तेच, काकडीचंही तेच. या वेलांत कधीकधी जो कडवटपणा उतरतो तो विषारी असतो. उलट्या-जुलाब होतात, माणूस दवाखान्यात पोहोचतो. शिजवून किंवा गूळ घालून तो जात नाही. हे मी मुद्दाम थांबून सांगतेय, कारण ‘कडू म्हणजे औषधी’ असं म्हणत दुधीचा कडू रस पिणारी माणसं मी पाहिली आहेत.

(दृश्य: लोखंडी कढई. शिरांचा हिरवा चुरा.)

दोडक्याची भाजी मूगडाळ घालून. शिरा टाकायच्या नाहीत. बारीक चिरून थोड्या तेलावर मंद आचेवर परतत राहायचं, हिरवा रंग काळपट होऊन कुरकुरीत होईपर्यंत. मग तीळ, सुकं खोबरं, मिरची, मीठ. ही चटणी भाजीपेक्षा जास्त टिकते, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरी भाजीपेक्षा जास्त संपते. लाल भोपळ्याचे घारगे दसऱ्याला झाले. किसलेला भोपळा गुळात शिजवायचा आणि त्यातच मावेल तेवढी कणीक, वरून पाण्याचा थेंब नाही.

(दृश्य: खुर्चीवर ठेवलेला कोहळा. त्यावर बोट फिरतं, पांढऱ्या भुकटीत रेघ उमटते.)

पण या सगळ्या खटाटोपाचा मानकरी हा. कोवळ्या कोहळ्याच्या अंगावर बोचरी लव असते. पिकत आला की लव झडते आणि वर अशी पांढरी भुकटी धरते. ती मेणासारखी असते, आतलं पाणी आत ठेवते. म्हणून आई कोहळा कधी धुऊन ठेवत नाही. चार बोटं देठ राखून कापायचा आणि शिंक्यात टांगायचा, महिनोन् महिने राहतो. यंदा वेलावर तीन आले. दोन टांगलेत. एक आज फुटणार.

कोहळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही, असं आमच्याकडे होतं. बाबा लावायचे. ते गेल्यापासून आई स्वतः लावते.

(आवाज: सुरी सालीत रुतते. मग किसणीचा आवाज, बराच वेळ.)

किस पिळून घ्यायचा. पाणी टाकायचं नाही, लागलं तर वाटणाला तेच. उडदाची डाळ रात्री भिजवलेली, सकाळी जाडसर वाटलेली. त्यात हिरवी मिरची, हिंग, धणे, मीठ. मीठ बेतानं, कारण वाळल्यावर पदार्थ आटतो आणि मीठ तेवढंच राहतं. मग जुन्या सुती साडीवर जांभळाएवढे सांडगे घालायचे. प्लास्टिकवर घातले तर खालून ओल सुटत नाही.

वाळवणं म्हणजे चैत्र-वैशाख, असं सगळे म्हणतात, आणि मोठी वाळवणं आईही तेव्हाच करते. पण तिचं म्हणणं असं की ताज्या कोहळ्याच्या सांडग्याला जो वास असतो तो सहा महिने टांगलेल्याला नाही. मी दोन्ही खाल्लेत. तिचं खरं आहे.

(दृश्य: साडीच्या दुसऱ्या टोकाला ओळीनं मांडलेल्या भरल्या मिरच्या.)

शेजारी सांडगी मिरची. पोपटी, जाड सालीची मिरची उभी चिरून आत धणे, जिरे, मेथी, हिंग, मीठ. दिवसा ऊन, रात्री ताकात. ताक शोषून संपेपर्यंत हे चालतं. कारल्याच्या काचऱ्यांना एवढा लाड लागत नाही. मीठ चोळून, पिळून पसरल्या की झालं.

ऊन कधीकधी दगाही देतं. २०१९ साली मोसमी पावसाचा परतीचा प्रवास सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, तोवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा. दिवाळीतही सरी येत होत्या. त्या वर्षी सांडगे दोन उन्हं खाऊन झाले होते. पाऊस आला तेव्हा गच्चीवर कोणी नव्हतं. मी घरातच होते, फोनवर बोलत होते, आणि आईने जाताना ‘आभाळावर लक्ष ठेव’ असं सांगितलं होतं. नंतर पंख्याखाली वाळवले, वरून छान दिसले. आठ दिवसांनी एक फोडला तर आत राखाडी बुरशी. सगळे खताच्या ड्रममध्ये गेले. आई मला काही बोलली नाही. तेव्हापासून ऑक्टोबरात मी सुट्टी घेते आणि गच्चीवर खुर्ची टाकून बसते.

(दृश्य: संध्याकाळ. साडीची चारही टोकं उचलून गाठोडं खाली नेलं जातं.)

दव पडायच्या आत सगळं खाली. सकाळी पुन्हा वर, बाजू उलटून.

सांडगे घातल्यापासूनचा पाचवा दिवस. आई मूठभर सांडगे स्टीलच्या डब्यात घालते, झाकण लावते, डबा कानाशी नेते आणि हलवते. वाळलेला सांडगा खणखणतो. ओल असेल तर आवाज दबका येतो.

(आवाज: डबा हलतो. मग शांतता. मग पुन्हा एकदा.)

डबा ती माझ्याकडे देते. मला तर खणखणीत वाटतो.

“नाही गं,” आई म्हणते. “अजून एक ऊन.”