दाखल्यावरचा रकाना

(दृश्य: निरीक्षणगृहातला वर्ग. पाठमोरी बसलेली मुलं, फळा.)

या फिल्ममध्ये एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ तसं बजावतं. मुलाचं नाव दाखवायचं नाही, पत्ता दाखवायचा नाही, शाळेचं नावसुद्धा नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून कॅमेरा हातांवर, वह्यांवर आणि सर्वांत जास्त कागदांवर फिरला आहे. तसंही ही गोष्ट बरीचशी कागदांचीच आहे.

लोक याला रिमांड होम म्हणतात. कायद्यातलं नाव निरीक्षणगृह. गुन्ह्याचा आरोप असलेली, चौकशी चालू असलेली मुलं इथे राहतात. चौकशी चार महिन्यांत संपावी, अगदीच अडलं तर आणखी दोन महिने, अशी मुदत आहे. चार महिने म्हणजे शाळेचं जवळजवळ एक सत्र.

फळा एक, शिक्षक एक. पहिल्या बाकावरचा मुलगा अपूर्णांकांची बेरीज करतोय. त्याच्या मागचा जोडाक्षरं गिरवतोय, आणि वयाने तो पुढच्यापेक्षा मोठा आहे. खिडकीजवळ बसलेला नववीत होता. त्याच्या वहीचं शेवटचं पान बघा. नववीचे सगळे विषय त्याने ओळीने लिहून ठेवलेत आणि प्रत्येकापुढे शाळेत कुठल्या धड्यापर्यंत शिकवून झालं होतं तेही. हे त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

(दृश्य: बाल न्याय मंडळाचं बंद दार. बाकावर ठेवलेली फाईल.)

चौकशी करणाऱ्या या मंडळाच्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही. आत एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी स्त्री. खिडकीजवळच्या त्या मुलाचा आदेश बाहेर आला तेव्हा त्यात परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांच्या देखरेखीबरोबर आणखी एक ओळ होती: मुलाने शाळेत जावे. कलम १८ नुसार मंडळ असा आदेश देऊ शकतं.

शाळेत जावे. पण कोणत्या? आणि त्याला तिथे घेऊन कोण जाणार?

(दृश्य: शाळेचं कार्यालय. लोखंडी कपाट, जनरल रजिस्टरं.)

हे कपाट आम्ही बराच वेळ चित्रित केलं. त्याला कारण आहे.

मुलगा आत गेला त्या दिवसापासून शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहिली. तो कुठे आहे हे शाळेला कुणी कळवलं नाही. कळवायचं तरी कसं? ओळख उघड होऊ नये म्हणूनच तर कायदा आहे. म्हणजे जी गोपनीयता त्याला जपते, तिच्याचमुळे त्याचं नाव पटावरून जातं. आमच्या मते सगळ्यात मोठी गळती इथे होते, आणि ती मुलगा अजून आतच असताना होते.

त्याच्यासोबत आलेली ताई एका संस्थेची कार्यकर्ती आहे. तिच्या हातात जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं पत्र आहे. पत्रात गुन्ह्याचा उल्लेख नाही, निरीक्षणगृहाचाही नाही. विद्यार्थी शासकीय देखरेखीखाली होता, त्याला पुढील शिक्षणासाठी दाखला द्यावा, एवढंच. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बंदिस्त मुलांसाठी नियम केले. आत मिळालेल्या प्रमाणपत्रावर मुलगा बंदिस्त होता याची खूण दिसता कामा नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. आतल्या प्रमाणपत्राला जे लागू, ते बाहेरच्या दाखल्याला का नसावं?

(दृश्य: क्लार्कचा हात. रजिस्टरवरून सरकणारं बोट. दाखल्याचा कोरा नमुना.)

नाव सापडलं. आता रकाने. जन्मतारीख, अक्षरी आणि अंकी. प्रगती. वर्तणूक. क्लार्क पेन उचलतो, थांबतो, मुख्याध्यापकांकडे बघतो. सर मान हलवतात. ‘चांगली’.

पुढचा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. रजिस्टरात आधीच लिहिलेलं आहे: सतत गैरहजर.

मुलगा विचारतो, “ताई, हे असंच राहणार?”

(दोन सेकंद शांतता. निवेदन नाही.)

ताई सरांशी बोलते. अर्ज, पत्राची प्रत, आवक क्रमांक, शिक्का. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी रकान्यात येतं: पालकांच्या विनंतीवरून. मग शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या ऑनलाइन नोंदणीवर त्याचं नाव जुन्या शाळेकडे अडकलेलं असतं, तिथून सोडवायचं. सर्व्हर बंद असतो, त्या दिवशी आम्ही फक्त पंखा चित्रित केला.

मुलगा चौदाच्या आतला असता तर काम सोपं होतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ म्हणतो की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणही मिळतं. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. हा मुलगा नववीतला, पंधरा ओलांडलेला. त्याच्यासाठी दार उघडायचं की नाही हे त्या त्या मुख्याध्यापकांच्या मनावर, आणि मनं वळवायला ताईसारखं माणूस लागतं.

शाळा नाहीच मिळाली तर दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयही आहे, तिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षा देता येते. कामाला जाणाऱ्या मुलांना ते बरं पडतं. तरी ताईचा हट्ट रोजच्या शाळेचाच असतो. फॉर्म भरून परीक्षा देता येते, शेजारी बसणारा मित्र मिळत नाही, असं तिचं म्हणणं.

(दृश्य: नवी शाळा. वर्गाचं दार, दप्तर, बाकावर सरकून जागा करून देणारा एक मुलगा.)

नव्या शाळेत फक्त मुख्याध्यापकांना माहीत आहे. वर्गशिक्षकांना सांगायचं की नाही, यावर ताईची आणि त्यांची बराच वेळ चर्चा झाली. सांगितलं नाही.

त्याच्यासोबत सुटलेल्या दोघांपैकी एक दिवाळीनंतर शाळेत आला नाही. दुसरा सतरा नंबरच्या फॉर्मवर दहावीला बसतोय.

(दृश्य: ताईचं टेबल. नवी फाईल.)

हल्ली ताई सुटकेची वाट बघत नाही. मुलगा आत आला की त्याच आठवड्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांकडून पत्र घेते आणि शाळेत जाऊन हजेरीपटावरचं नाव कापू नका म्हणून विनंती करते. समोरची फाईल सातवीतल्या मुलाची आहे. मंडळापुढे त्याची पुढची तारीख महिनाभराने आहे. शाळेला द्यायचं पत्र आज दुपारी गेलं.