दहा महिन्यांची नेमणूक

(पडद्यावर: शाळेची खोली. फरशीवर मांडी घालून बसलेली मुलं. एक मुलगा पुस्तक मांडीवर घेऊन वाचतोय.)

तिसरीतला हा मुलगा धडा वाचतोय. खड्या आवाजात, कुठं न अडखळता. दारातून जाणाऱ्या कुणालाही वाटेल, पोरगा तयार आहे. पण त्याच्या बोटाकडे बघा. तोंडानं तो चौथ्या ओळीवर पोहोचलाय आणि बोट अजून दुसऱ्या ओळीवर आहे.

बाईंनी पुस्तक मिटलं. त्याच धड्यातला एक शब्द पाटीवर लिहिला: 'पाखरू'. मुलगा पाटीकडे बघतो, बाईंकडे बघतो आणि गप्प होतो. धडा त्याला पाठ आहे. वाचता येत नाही.

शेजारच्या दोघांनाही येत नाही. त्यातल्या एकीला अक्षरं कळतात, काना-मात्रा लागला की ती थांबते. बाई हे एका जुन्या दोनशेपानी वहीत लिहून ठेवतात. मुलाचं नाव, त्यापुढं काय येतं, काय येत नाही आणि तारीख. अशी वही ठेवा, असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

(पडद्यावर: जांबोटीच्या पुढचा रस्ता, पाऊस, झाडीत शिरणारी बस.)

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, अलीकडं-पलीकडं भीमगड अभयारण्याचं जंगल आहे. मधे मधे दहा-वीस उंबऱ्यांची गावं, गवळी-धनगरांचे वाडे. जुलैत नाले भरले की शाळेला सुट्टी द्यावी लागते. पावसाच्या या सुट्ट्या धरल्या, तर इथल्या मुलांचं वर्ष बेळगाव शहरातल्या मुलांपेक्षा लहान असतं. अभ्यासक्रम मात्र तेवढाच.

इथल्या सरकारी मराठी शाळांत पट कमी आणि शिक्षक त्याहून कमी. शिक्षण हक्क कायदा सांगतो की साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत. कागदावर असतातही. पण कायम शिक्षक निवृत्त झाला की ती जागा रिकामी राहते. जूनमध्ये तिथं अतिथी शिक्षक येतो. बहुतेक वेळा येते ती एखादी तरुण बाई, त्याच पंचक्रोशीतली, डी.एड. झालेली. मुलं तिला टीचर म्हणतात, गाव बाई म्हणतं. परीक्षा संपल्या की नेमणूकही संपते. साधारण दहा महिने, आणि उन्हाळ्यात मानधन नाही. पुढच्या जूनला पुन्हा अर्ज, पुन्हा आदेशाची वाट.

आता पैशाचं बोलू. संकोच न करता बोलू, कारण या विषयात संकोचानंच फार नुकसान केलंय.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्नाटक सरकारनं अतिथी शिक्षकांचं मानधन महिना २,००० रुपयांनी वाढवलं. प्राथमिक शाळेत ते १२,००० झालं. त्याआधी १ ऑगस्ट २०२४ पासून राज्यात सातवा वेतन आयोग लागू झाला होता. त्यानुसार सरकारी नोकरीतल्या सगळ्यांत खालच्या पायरीचं मूळ वेतन महिना २७,००० रुपये आहे. म्हणजे तिसरीच्या मुलाला वाचायला शिकवणाऱ्या बाईंना त्याच सरकारच्या कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनाच्या निम्मंही मिळत नाही. भत्ते आणि सुट्टीतला पगार तर दूरच. त्या कर्मचाऱ्याचा पगार जास्त आहे, असं आम्हाला अजिबात म्हणायचं नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व कंत्राटी माणसांनाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितलं. ते जंगलातल्या या खोलीपर्यंत अजून आलेलं नाही.

(पडद्यावर: बस थांबते. छत्री घेतलेली शिक्षिका पायवाटेला लागते.)

जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळं राज्यात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला. ही योजना चांगली की वाईट, यावर बेळगावच्या कट्ट्यावर तासभर वाद होईल. या बाईंना मात्र महिन्याचे काही शे रुपये हाताशी राहिले. बस जिथं थांबते तिथून पुढं पायवाट. भिजलेल्या चपला दारात काढून त्या थेट वर्गात जातात. संध्याकाळी घरी शिलाई मशीन आहे, शेजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायचे आहेत. लावणीच्या दिवसांत शेतही बोलावतं. मुलांच्या वह्या रात्री तपासल्या जातात.

कायम शिक्षकांचंही सगळं आलबेल आहे, असं कुणी समजू नये. पहिली ते सातवीसाठी भरती झालेल्या हजारो शिक्षकांना २०१७ च्या सेवानियमांनी पहिली ते पाचवीच्या गटात टाकलं. पदवी हातात असून बढतीची वाट अडली. त्यासाठी शिक्षक बेंगळुरूला जाऊन आंदोलन करून आले. शिवाय वर्गाबाहेरची कामं आहेतच. २०२५ च्या दसऱ्यात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण शिक्षकांकडं आलं आणि शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबली. गणतीचं काम कुणीतरी करायलाच हवं, हे खरं. पण त्या दिवसांत तिसरीतला तो मुलगा घरी होता, आणि त्याला घरी वाचून दाखवणारं कुणी नाही.

पगार वाढवला की शिक्षण सुधारतं, असं म्हणणं सोपं आहे. ते पुरतं खरं नाही. इंडोनेशियानं २००५ मध्ये कायदा करून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट होईल असा भत्ता दिला. नंतर शेकडो शाळांत तपासणी झाली. शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, घरची ओढाताण कमी झाली. मुलांच्या शिकण्यात मात्र दोन-तीन वर्षांनंतरही फरक दिसला नाही. हा दाखला आपल्याकडं पगारवाढीच्या विरोधात हमखास काढला जातो. पण तिथले ते शिक्षक आधीपासूनच नोकरीत कायम होते. इथं प्रश्न दुसरा आहे. इथल्या बाई पुढच्या वर्षी असतील की नाही, हाच मुळात प्रश्न आहे. पेठेतल्या दुकानात किंवा उद्यमबागच्या कारखान्यात बारमाही काम मिळालं, तर त्या जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्याबरोबर ती वहीही जाईल.

(पडद्यावर: जमिनीवर खराट्याच्या काड्या, दहा-दहाच्या पेंड्या रबर लावून बांधलेल्या.)

आता हे गणित बघा. बेचाळीसमधून सतरा वजा करायचे. मुलीनं उत्तर लिहिलंय ३५. शेजारच्या मुलानंही ३५. चौथीतल्या एकानंही ३५.

घाईत असलेला शिक्षक फुली मारून पुढं जाईल. पण तिघांचं उत्तर एकच येतं तेव्हा ते अंदाजानं आलेलं नसतं. मुलीनं नियम लावलाय: मोठ्यातून लहान वजा करायचा. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. दोन वर असो की खाली, तिच्या लेखी फरक नाही. बाईंनी तिच्यापुढं चार पेंड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि सतरा मागितल्या. मुलीनं एक पेंडी दिली, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. अजून पाच हव्यात. थोडा वेळ पेंड्यांकडं बघत राहिली. मग तिनंच विचारलं, "टीचर, रबर काढू?"

हे क्षण प्रशिक्षणानं वाढतात. मात्र प्रशिक्षण कशाला म्हणायचं, हे ठरवावं लागेल. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षक-प्रशिक्षणाच्या डाएट संस्था आल्या, २०१९ मध्ये 'निष्ठा' हे केंद्राचं शिक्षक-प्रशिक्षण आलं, २०२० च्या धोरणानं प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितले. यातलं बरंच आता मोबाईलवर दीक्षा ॲपमधून होतं. कणकुंबीकडं नेटवर्क कुठल्या वळणावर लागतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथं उभं राहून चित्रफीत संपवायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, याला शिकणं म्हणता येणार नाही. समोरासमोरच्या वर्गांत बोलणं बहुतेक कन्नडमधून होतं. मराठी शिक्षकांना कन्नड येतं, ती अडचण नाही. पण जोडाक्षर कुठं अडतं, ऱ्हस्व-दीर्घ कसं बसवायचं, गवळीवाड्यावरच्या मुलाच्या घरच्या बोलीतून पुस्तकाच्या मराठीकडं कसं यायचं, याबद्दल तिथं कुणी बोलत नाही. याच मुलांना लहान वयात कन्नड आणि इंग्रजीही शिकायचं असतं. तीन लिप्या. त्यातली पहिली पक्की बसली, तर पुढच्या दोन सोप्या जातात.

आणि बहुतेक वेळा प्रशिक्षणाच्या यादीत अतिथी शिक्षकांचं नावच नसतं. हे आम्हाला सगळ्यांत जास्त खटकलं. पहिली-दुसरीचा वर्ग ज्यांच्या हाती, त्यांनाच वगळायचं?

कर्नाटकाजवळ यासाठी स्वतःची, चांगली पद्धत आहे. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात शिक्षकांनीच 'नलीकली' उभी केली. खालच्या इयत्तांची मुलं एकाच खोलीत गट करून बसतात, कार्डं असतात, भिंतीवर शिडी असते, आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीवरून पुढं सरकतं. पुढं ती राज्यभर पोहोचली. नीट चालवली, तर कोण कुठं अडलंय ते पावसाळ्यातच दिसतं, त्यासाठी वर्षअखेरच्या परीक्षेची वाट बघावी लागत नाही. पण ही पद्धत हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. शिकवलं नाही तर कार्डं कपाटात राहतात आणि पूर्वीसारखंच फळ्यावरून उतरवून घेणं सुरू होतं.

कोविडनंतर २०२२-२३ मध्ये बुडालेलं शिकणं भरून काढायला 'कलिका चेतरिके' ही राज्याची मोहीम आली. आता वरच्या वर्गांत मागे पडलेल्या मुलांसाठी 'मरुसिंचन' आहे. हे कार्यक्रम हवेतच. तरी आठवीतल्या मुलाला भागाकार शिकवायचा, म्हणजे आधी त्याची लाज घालवायची आणि मग गणित. तिसरीत लाज नसते. म्हणून तिसरीतच हात घालायला हवा. केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेनं २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं लक्ष्य ठेवलंय.

हे होऊ शकतं, याचा दाखला फार लांबचा नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेनं बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच तरुण मुली. तिसरी-चौथीतली मागे राहिलेली पंधरा-वीस मुलं त्या रोज दोन तास वेगळी घेऊन बसत, आणि त्यांना जिथं येतं तिथून सुरुवात करत. गुण वाढले, आणि सगळ्यांत जास्त वाढले ते सगळ्यांत मागे असलेल्या मुलांचे. पण उपक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला. पुरता गेला नाही, पण ओसरला. अशा कामात खंड पडला की काय होतं, ते यातून दिसतं. कमी पैशांत काम होतं एवढंच त्यातून उचलणाऱ्यांनी हा दुसरा भागही वाचावा.

(पडद्यावर: शाळेच्या व्हरांड्यात एसडीएमसीची, म्हणजे शाळा विकास आणि व्यवस्थापन समितीची बैठक. पालक, मुख्याध्यापक.)

सीमाभागात शाळेचा विषय निघाला की बोलणं लगेच भाषेवर जातं. साहजिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मराठी शाळा टिकल्या पाहिजेत असं आम्हालाही मनापासून वाटतं. पण शाळा टिकवणं म्हणजे पट टिकवणं, आणि पालक मुलाला काढून खानापूरच्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतात ते त्याला वाचता येत नाही म्हणून. मोर्चात मराठी शाळांसाठी घोषणा देणाऱ्या किती जणांनी आपल्या गावच्या बाईंना मागच्या महिन्याचं मानधन मिळालं का, हे विचारलंय? हा प्रश्न आम्ही रागानं नाही, कळकळीनं विचारतोय.

मानधन बारा महिन्यांचं असावं. ते महिन्याच्या महिन्याला खात्यावर यावं. नलीकलीच्या प्रशिक्षणात अतिथी शिक्षकांना पहिल्या रांगेत जागा असावी आणि मराठी शाळांसाठी ते मराठीतून व्हावं. सीआरपींनी, म्हणजे आसपासच्या शाळांसाठी नेमलेल्या मार्गदर्शकांनी, माहितीचे तक्ते भरून घेण्यापेक्षा महिन्यातून एक सकाळ वर्गात मागे बसावं. आणि पहिली ते तिसरीच्या प्रत्येक मुलाला काय येतं, याची नोंद शाळेची असावी, बाईंच्या घरच्या वहीत नाही. शेवटच्या गोष्टीला तर सरकारी आदेशाचीही गरज नाही. एसडीएमसीच्या बैठकीत पालकांनी मागितली, तर पुढच्या महिन्यापासून होईल.

(पडद्यावर: मार्च. वर्गात परीक्षेची तयारी.)

तो मुलगा आता काना-मात्रा लावून, सावकाश, बोट ठेवून वाचतो. पाठ म्हणत नाही. जोडाक्षरं अजून राहिली आहेत, ती चौथीत घ्यायची असं बाईंनी वहीत लिहिलंय. चौथीला बाई असतील का, हे आज मुख्याध्यापकांना सांगता येत नाही आणि बाईंनाही नाही. शाळा मेअखेरीस उघडेल. नेमणुकीचा आदेश जूनच्या कुठल्या आठवड्यात निघतो आणि तोवर बाईंना दुसरं काम मिळतं का, त्यावर ते आहे.