सही झाली नाही, तरी शिधा

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ आहे, बऱ्याच घरांत दुसरा चहा चालू असेल. अशा वेळी पैशाचा विषय काढते आहे, तर रागावू नका.

मी नोटरी आहे. म्हणजे वकील नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुण्यात माझ्या आईला ते अजून पटलेलं नाही. आपल्याकडे नोटरी म्हणजे वकिलीत बरीच वर्षं काढलेला, 1952 च्या कायद्याखाली सरकारने नेमलेला, कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस. इथे कॅलिफोर्नियात सहा तासांचा कोर्स करा, परीक्षा द्या, बोटांचे ठसे द्या, पंधरा हजार डॉलरचा बाँड काढा, की चार वर्षांसाठी झालात नोटरी. सही करणारी व्यक्ती तीच आहे ना, एवढं ओळखपत्रावरून पाहायचं, वहीत नोंद करायची, घराचा कागद असेल तर अंगठा घ्यायचा आणि शिक्का मारायचा. कागदात काय लिहिलंय ते बरं की वाईट, यावर तोंड उघडायचं नाही. तो वकिलाचा प्रांत.

आमच्यातले काही जण गृहकर्जाचे कागद घेऊन लोकांच्या घरी जातात आणि सह्या करून आणतात. त्यांना साइनिंग एजंट म्हणतात. मी त्यातली. आणि आजचा प्रश्न असा: ठरलेलं साइनिंग ऐन वेळी रद्द झालं, तर त्या एजंटला काय मिळावं?

उत्तर देते, पण त्याआधी ट्रेसी गावची गोष्ट. घरच्यांना पाठ झालीय, तुम्हाला नवीन आहे.

फेब्रुवारी 2021. आठवतंय ना? तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर त्या जानेवारीत 2.65 टक्क्यांवर आला होता. त्याहून खाली तो आधी कधी गेला नव्हता. ज्याचं घर होतं तो रिफायनान्स करत होता, म्हणजे जुनं कर्ज फेडून कमी दराचं नवं घेत होता. ज्याने सहा महिन्यांपूर्वी केलं होतं तोही परत करत होता. आम्हा नोटरींना जेवायला फुरसत नव्हती, आणि कोविड होता म्हणून साइनिंग गॅरेजमध्ये नाहीतर ड्राइव्हवेवर, तोंडाला मास्क, प्रत्येकाला वेगळं पेन.

दुपारी फोनवर टिंग वाजलं. ट्रेसी, साडेसहा वाजता, 110 डॉलर. मी फ्रीमाँटला राहते. जायचं अंतर चाळीस मैल, मध्ये अल्टामाँटचा घाट. मी ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, ते वाचलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कागद आले पावणेचारला. 160 पानं. एक संच बँकेचा, एक घरमालकांना ठेवायला, म्हणजे 320 पानं. त्यातली निम्मी साध्या आकाराची, निम्मी लीगल. हे लांबुडकं लीगल पान या देशात अजून का जिवंत आहे, कुणी सांगेल का मला? जगात बहुतेक ठिकाणी घरं ए-फोरवर विकली जातात. आपल्या देशात तर हिरव्या लेजर पेपरवर वाड्यांच्या वाटण्या झाल्या. पण इथे चौदा इंच लागतातच. असो. प्रिंटरने त्या दिवशी दुसऱ्या संचाच्या मध्यावर डीड ऑफ ट्रस्टचं, म्हणजे घर तारण ठेवल्याच्या कागदाचं, पान गिळलं. मागचं झाकण उघडून, चिमट्याने तुकडे काढून, पुन्हा छापलं. पाच वाजता निघाले.

अल्टामाँटला अंधार, वारा असा की गाडी शेजारच्या लेनमध्ये ढकलत होता. सहा पंचविसाला पोचले. कागदांवरच्या आडनावावरून आपलीच माणसं आहेत हे कळलं होतं. गॅरेजचं दार वर केलेलं, घडीचं टेबल मांडलेलं, नवरा-बायको जाकिटं घालून बसलेले. आणि आतल्या दारात शाल पांघरून एक आजी. मुलाकडे सहा महिन्यांसाठी मार्च 2020 मध्ये आल्या आणि विमानं बंद झाली, त्या अडकल्या. वाईच्या. वर्षभरात घरच्यांखेरीज मराठी बोलणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी ‘नमस्कार’ म्हटल्याबरोबर त्या दारातून हलायला तयार होईनात.

ओळखपत्रं पाहिली, वहीत लिहिलं. अंगठे घेतले. पहिलाच मोठा कागद उघडला, कर्जाच्या आकड्यांचा. नवऱ्याने चष्मा वर केला, खाली केला. म्हणाला, “हे 2.875 कसं? आम्हाला 2.75 सांगितलं होतं.”

मी काय बोलणार? मी म्हटलं, तुमच्या लोन ऑफिसरला फोन करा. केला. व्हॉइसमेल. परत केला. व्हॉइसमेल. सात वाजून गेलेले, साहेब घरी जेवत असणार. बायको म्हणाली, “आत्ता सही करून तीन दिवसांत रद्द करता येतं ना?” राहत्या घराच्या रिफायनान्समध्ये तसा हक्क सहसा असतो, कामकाजाचे तीन दिवस, शनिवार त्यात धरतात. पण सही करा किंवा करू नका हे मी सांगू शकत नाही. मी तो कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि गप्प बसले. दोघांनी वाचला, एकमेकांकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “नाही करत.”

नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. परत सांगते, पूर्ण हक्क होता. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच.

मी काम देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मुलगी, आवाजावरून दिवसभराची दमलेली. म्हणाली, “ठीक आहे, फाइल बंद करते.” मी विचारलं, माझे पैसे? ती म्हणाली, “मॅडम, ऑर्डरमध्ये लिहिलंय. सही नाही तर फक्त छपाईचे 25 डॉलर. पंचेचाळीस दिवसांनी.” ते बारीक अक्षर!

फोन स्पीकरवर होता. आजींना इंग्रजी येत नव्हतं, पण ‘ट्वेंटी फाइव्ह’ कळलं असावं, किंवा माझा चेहरा कळला असेल. म्हणाल्या, “काय गं, तुझे पैसे बुडाले का?”

मी म्हटलं, “नाही आजी, बुडाले असं नाही. सही झाली नाही ना, म्हणून कमी मिळतात.”

“म्हणजे? तू आलीस की. कागद आणलेस की.”

मुलगा म्हणाला, “आई, इथली पद्धत आहे ती. आत जा, गारठा आहे.”

आजी आत गेल्या नाहीत. तिथेच उभं राहून त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. “आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी आले, अंगणात पाय धुवत होते, तेवढ्यात भावकीतला पोरगा सायकलवरून निरोप घेऊन आला. आम्हाला सुतक. पूजा राहिली. आता सुतकाच्या घरचं धान्य गुरुजी घ्यायचे नाहीत. पण माणूस दोन कोस चालत आलेला! सासऱ्यांनी शेजारच्या घरून शिधा काढायला लावला, दक्षिणेसकट. आणि तेरावा झाल्यावर शेजाऱ्याचं धान्य मापून परत केलं. पूजा झाली नाही, हा काय गुरुजींचा दोष?”

मग मात्र त्या आत गेल्या. मी संच पिशवीत भरेपर्यंत बाहेर आल्या आणि सहा फुटांवरून माझ्या गाडीच्या बॉनेटवर एकेक वस्तू ठेवली. झिपलॉकच्या पिशवीत तांदूळ. दुसऱ्या पिशवीत तूरडाळ. गुळाचा खडा फॉइलमध्ये. एक नारळ, शेंडीवाला. आणि त्यावर एक डॉलरची नोट आणि पंचवीस सेंटचं नाणं. सव्वा! डॉलरमध्येसुद्धा सव्वा! मुलगा कपाळावर हात मारून, “आई, अगं काय हे…” मी सव्वा डॉलर परत केला. नोटरीने सही न झालेल्या कामाचे रोख पैसे घरच्यांकडून घेऊ नयेत असं मला वाटतं. पण शिधा घेतला. आजींना नाही म्हणणं जमलंच नसतं.

घाट उतरताना मी हिशेब केला. जाऊन येऊन 80 मैल. सरकारी हिशेबात त्या वर्षी धंद्याच्या मैलाला 56 सेंट, म्हणजे 44 डॉलर 80 सेंट. पानामागे चार सेंट धरले तर कागद आणि टोनर 12 डॉलर 80. झाले 57 डॉलर 60. हातात येणार 25. म्हणजे संध्याकाळचे साडेचार तास घालवून मी पदरचे 32 डॉलर 60 सेंट देऊन आले होते. उरले तांदूळ.

तर मंडळी, मुद्दा. कागद, गाडी, वेळ. या तीन गोष्टी सही व्हायच्या आधीच खर्च झालेल्या असतात. परत सांगते: कागद, गाडी, वेळ. कायदा इथे आपल्या मदतीला येत नाही. कॅलिफोर्नियात नोटरीला एका सहीमागे जास्तीत जास्त 15 डॉलर घेता येतात, पण ते नोटरीकरणाचे. नोटरीकरणच झालं नाही तर शून्य. जाण्यायेण्याचे, छापण्याचे पैसे हे ज्याचं त्याने आधी ठरवून घ्यायचे. आधी. ठरवलं नाही तर मागायला तोंड नाही. आणि स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जाते म्हणाल, तर अर्जाचीच फी निदान 30 डॉलर. पंचवीससाठी तीस!

न्यूयॉर्कचे श्रोते फोन करतील, म्हणून त्यांच्यासाठी: तुमच्या शहरात 2017 पासून आणि राज्यात ऑगस्ट 2024 पासून फ्रीलान्सरांसाठी कायदा आहे. एकाच गिऱ्हाइकाचं 120 दिवसांतलं काम 800 डॉलर किंवा जास्त झालं, तर लेखी करार आणि वेळेवर पैसे. पण करारात रद्द झाल्याचे पैसे लिहिलेलेच नसतील तर तो कायदा तरी काय वसूल करून देणार?

कंपन्या म्हणतात, कर्ज झालं नाही, आम्हालाही काही मिळालं नाही, सगळ्यांनी थोडं सोसायचं. ऐकायला बरं वाटतं. पण कर्ज फिसकटण्याचा धोका हा ज्याचा धंदा आहे त्याचा. चुकलेला आकडा मी टाइप केला नव्हता. टोनरला कुठे माहीत असतं कर्ज झालं की नाही ते? आणि हे पैसे त्या घरमालकाकडूनही काढायचे नाहीत. ज्याने मला बोलावलं त्याने द्यायचे. गुरुजींना ज्याने बोलावलं त्याने शिधा दिला, तसंच.

मी दुसऱ्या दिवसापासून काय केलं, ते सांगते. काम घेण्याआधी चार ओळींचा मेसेज पाठवते. कागद यायच्या आधी रद्द केलंत, तर काही नको. छापल्यावर रद्द केलंत, छपाईचे 35. मी घरातून निघाल्यावर, छपाई अधिक प्रवास. टेबलावर बसल्यावर सही झाली नाही, तर पूर्ण पैसे, कारण माझं काम पूर्ण झालेलं असतं. समोरून ‘ओके’ आल्याशिवाय प्रिंटर चालू करत नाही. ते ‘ओके’ जपून ठेवते.

सुरुवातीला निम्म्या कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. त्याच ट्रेसीच्या घराचं काम दोन आठवड्यांनी परत आलं, दर सुधारून. मी माझ्या चार ओळी पाठवल्या, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिलं. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये दर पावणेआठच्या वर गेला, रिफायनान्स आटलं, तेव्हा तर नोटरी 60-70 डॉलरला धावायला लागले, रद्दच्या पैशांचं नाव कोण काढतो? मीही तेव्हा दोनदा चार ओळी न पाठवता काम घेतलं. खोटं कशाला सांगू. त्यातलं एक रद्द झालं.

इथे एक आपल्या माणसांविषयी. आपली पोरं पगाराच्या वाटाघाटी तासन्‌तास करतात, स्टॉक किती, बोनस किती. आणि प्लंबर येऊन, नळ न उघडता परत गेला आणि बिल पाठवलं, की “काम काय केलं त्याने?” तो आला ना राजा! आणि नोटरी मराठी निघाली की, “आपल्यातल्याच तुम्ही, काही कमी करा की.” मी आता गोड हसते आणि चार ओळी पाठवते.

माझ्या एक्सेलमध्ये रद्द झालेल्या कामांच्या पैशांचा वेगळा रकाना आहे. कर भरून देणाऱ्या आमच्या अकाउंटंटने मागे विचारलं, हे वरती काय लिहिलंय, मला वाचता येत नाही. मराठीत लिहिलंय ‘शिधा’. मी म्हटलं, कॅन्सलेशन इन्कम समज.

त्या रात्री साडेनऊला घरी पोचले. नारळ फोडला, चांगला निघाला, हे फ्रीमाँटच्या दुकानांतल्या नारळांबद्दल क्वचितच म्हणता येतं. दुसऱ्या दिवशी वड्या केल्या, गूळही त्यांचाच. नवऱ्याने एक तोंडात टाकत विचारलं, “कालच्या साइनिंगचे किती मिळाले?”

मी ताटाकडे पाहिलं आणि म्हटलं, “बावीस. आता एकवीस.”