कानाने विचार करणारी माणसं

(पडदा काळा. मोहरीची तडतड, मग भाकरी थापल्याचा आवाज.)

डोळे मिटा आणि तव्यावरची कळण्याची भाकरी आठवा. कुणाला तिच्या कडेची चीरसुद्धा दिसेल. कुणाला काहीच दिसणार नाही, नुसती थपथप ऐकू येईल.

मनात चित्र न उमटण्याला २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या अ‍ॅडम झेमन यांनी ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. मात्र चित्र नाही म्हणजे आवाज असणारच, असं नाही. अनेकांच्या मनात दोन्ही नसतं. आपण बोलतोय ते आवाजावर चालणाऱ्यांबद्दल.

(गाडीचा खडखडाट. जळगावकडे जाणारी पॅसेंजर.)

अशा माणसाला विचारा, पाचोऱ्यानंतर कोणती स्टेशनं? उत्तर चालीतच येतं: परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली, जळगाव. आता विचारा, म्हसावदच्या आधी कोणतं? तो गप्प होतो, ओठ हलतात, पुन्हा पाचोऱ्यापासून सुरुवात. नकाशा असता तर बोट मागे सरकवलं असतं. आवाजाची साखळी उलटी फिरत नाही. सात आठे किती, याला ‘सात एके सात’पासून यावं लागणारं पोर मठ्ठ नसतं, एवढं तरी मास्तरांनी ध्यानात घ्यावं.

ऐकलेलं टिकवायला आपण सगळेच ते मनात घोकतो. स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मोजलं, तर साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल तेवढंच एका वेळी टिकतं. म्हणजे लांब शब्द आले की कमी मावतात.

(सावदा. वजनकाटा, केळीचा ट्रक.)

घोटाळा होतो तो इथे. काट्यावरून ओरडून सांगितलं, ‘चौऱ्याऐंशी!’ वहीत उतरलं चौऱ्याण्णव. दहा क्विंटलचा फरक, आणि ट्रक तर निघून गेला. दोन्ही आकड्यांचं तोंड एकच, ‘चौऱ्या’. इंजिनाच्या घरघरीत शेपूट गेलं की संपलं. त्यात मराठी आकडा एकक आधी बोलतो: कानावर चार पहिला पडतो, कागदावर आठ पहिला लिहायचा. घाईत ८४ चे ४८ होतात ते यामुळेच.

उपाय साधा. आकडा सुटा सांगायचा, ‘आठ, चार’. लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच पेन टेकवायचं. मोबाईल नंबर पाच-पाचच्या दोन तुकड्यांत घ्यायचा, मध्ये श्वासभर थांबायचं. आणि लिहून होईपर्यंत मध्येच ‘चहा घेता का?’ विचारायचं नाही. डोळ्यांपुढे कुणी गेलं तर चालतं, पण कानावर दुसरे शब्द पडले की घोकणं तुटतं.

(काट्यावरचा आवाज: ‘आठ… चार.’ दुसरा आवाज: ‘आठ… चार.’)