सोलापूरच्या हवेत सिंबिडियम

(सोलापुरातील बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडच्या रोपवाटिकांत आता ऑर्किड सर्रास मिळतं. चिठ्ठीवर मात्र बहुतेक वेळा ‘ऑर्किड’ एवढाच शब्द असतो. हौसेनं आणलेलं रोप वर्षभर हिरवंगार राहतं, फूल काही येत नाही, आणि मग माणूस खतं बदलत बसतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. सिंबिडियम हा ऑर्किडचाच एक प्रकार. सोलापुरात तो फुलणार की नाही, हे खतापेक्षा कितीतरी जास्त आपण कोणतं सिंबिडियम घरी आणलं यावर ठरतं. म्हणून आज ओळख आधी आणि लागवड नंतर.

टेबलावर चार कुंड्या ठेवल्या आहेत. फूल एकालाही नाही, आणि ते मुद्दाम. फूल पाहून कोणीही ओळखेल, आपल्याला फुलाशिवाय ओळखता यायला हवं. हे पहिलं, रुंद मांसल पानांचं, बुडाशी कंद नसलेलं, ते फॅलेनॉप्सिस. दुसऱ्याला उसाच्या कांड्यांसारखी खोडं आहेत, ते डेंड्रोबियम. तिसरं ऑन्सिडियम. याचे कंद चपटे, उघडे आणि पान कंदाच्या टोकातून निघालेलं. आता चौथं बघा. याचे कंद अंडाकृती आहेत, पण दिसत नाहीत, कारण पानांच्या बुंध्यांनी ते दोन्ही बाजूंनी लपेटलेले आहेत. पानं लांब, पट्ट्यासारखी, पंख्यासारखी दोन्हीकडे पसरलेली. जवळ येऊन पाहिलंत तर प्रत्येक पानावर बुडापासून थोड्या अंतरावर एक आडवी रेष दिसेल. पान जुनं झालं की याच सांध्यावर गळतं आणि बुंधा कंदाला चिकटून राहतो. कंद, लपेट आणि सांधा, या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की ते सिंबिडियम असण्याची दाट शक्यता.

ही प्रजाती स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्झ यांनी १७९९ साली वेगळी मांडली. तिच्या पन्नासाहून जास्त जाती आहेत. हिमालयापासून चीन-जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत त्या पसरल्या आहेत. काही झाडांवर वाढतात, काही जमिनीवर पालापाचोळ्यात, काही खडकांवर. झाडावर वाढणाऱ्यांना आपल्याकडे अजूनही लोक बांडगूळ समजतात आणि तोडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे झाडावर नुसतं बसतं. त्याची जाड पांढरी मुळं पावसाचं आणि हवेतलं पाणी टिपतात, झाडातून काही घेत नाहीत.

आता मुख्य अडचण. दुकानात किंवा फोटोत दिसतं ते मोठ्या फुलांचं, उंच दांड्याचं सिंबिडियम संकरित असतं. इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या रोपवाटिकेत १८८९ साली पहिला सिंबिडियम संकर फुलला, एबर्नियम आणि लोवियानम या दोन जातींचा. पुढच्या बहुतेक मोठ्या फुलांच्या वाणांत अशाच डोंगरी जातींचं रक्त आहे. हिमालयाच्या उतारांवर, ईशान्येकडे, म्यानमारच्या उंच भागांत दिवसा ऊन असलं तरी रात्री गारठा असतो. उन्हाळा सरताना रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास उतरलं आणि दिवस-रात्रीत दहाएक अंशांचा फरक पडला, की या झाडांच्या कंदाशी फुलाचा दांडा धरतो.

आपल्यापैकी अनेकांकडे डाळिंब आहे, त्यांना हे लगेच समजेल. बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. ताण नीट बसला नाही तर पुढे कितीही खत घाला, पालवीच फुटते. या सिंबिडियमला ताण हवा तो रात्रीच्या गारव्याचा. आणि नेमका तोच आपल्याकडे वेळेवर येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सोलापूरची रात्र २१-२२ अंशांच्या खाली सहसा जात नाही. थंडी पडते डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत. तेव्हाही पारा १५ च्या आसपास रेंगाळतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत ऊन पुन्हा तापू लागतं. एखाद्या वर्षी दांडा आलाच तर कळ्या उष्म्यानं पिवळ्या पडून गळतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं ऑर्किड संशोधन केंद्र सिक्कीममधल्या पाकयोंगला आहे आणि डाळिंबाचं आपल्या सोलापुरात. ज्याचं त्याचं हवामान ज्याला त्याला. गंगटोकहून प्रवासात आणलेलं रोप इथं जगेल, पण त्याच्याकडून तिथल्यासारख्या फुलांची आशा करू नये, असं मी अगदी स्पष्ट सांगेन.

मग निराश व्हायचं का? मुळीच नाही. उष्ण हवेतली सिंबिडियमं आपल्याच सह्याद्रीत आहेत. सिंबिडियम ॲलोइफोलियम आणि सिंबिडियम बायकलर. ॲलोइफोलियमची पानं जाड, ताठ, चामड्यासारखी, टोकाला बोथट आणि असमान दुभंगलेली. हाताला लावून पाहा, संकरित वाणाचं पान पातळ आणि वाकणारं असतं, हे कोरफडीच्या जातकुळीतलं वाटतं. फुलांचा दांडा वर न जाता खाली लोंबतो. त्यावर चार सेंटिमीटरच्या आसपासची पिवळट, मधोमध तपकिरी-लाल पट्टा असलेली फुलं ओळीनं येतात. बायकलर इतकं सारखं दिसतं की फूल आल्याशिवाय दोघांत फरक करणं कठीण, पण देखभालीत तसा फरक काही नाही. दोन्ही उन्हाळ्यात फुलतात, म्हणजे ज्या दिवसांत आपल्या अंगणात फारसं काही फुलत नाही त्या दिवसांत. मला ही छोटी फुलं मोठ्या संकरित फुलांपेक्षा जास्त आवडतात. दांड्यावर ती एकमेकांपासून सुटी असतात, प्रत्येक फूल वेगळं पाहता येतं. तिसरं नाव लक्षात ठेवा, सिंबिडियम एन्सिफोलियम. गवतासारखी बारीक पानं, उभा दांडा, मोजकी हिरवट-पिवळी फुलं आणि अतिशय गोड वास. हे जमिनीवर वाढणारं आणि उष्णता सोसणारं आहे. चीनमध्ये अशा सुगंधी सिंबिडियमांच्या लागवडीवर १२३३ सालीच ग्रंथ लिहिला गेला होता.

एक विनंती कळकळीनं करतो. आंबोलीला, महाबळेश्वरला गेलात तर झाडावरून ऑर्किड काढून आणू नका. जंगलातलं एक झुडूप उभं राहायला अनेक वर्षं लागतात. बी धुळीइतकं बारीक असतं, त्याला बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. आणि काढायची गरजही नाही. जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९६० साली ऊतिसंवर्धनानं ऑर्किडची रोपं करण्याची वाट दाखवली, ती सिंबिडियमवरच. तुम्ही शेतात लावता ती टिश्यू कल्चरची केळी त्याच तंत्रातली. रोपवाटिकेत विचारा, रोप प्रयोगशाळेतलं किंवा विभागून केलेलं आहे का. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

लागवडीचं पहिलं सूत्र: आपली काळी माती कुंडीत चिमूटभरही नको. ती ओली झाली की मुळांभोवती घट्ट बसते, हवा जात नाही आणि मुळं कुजतात. ॲलोइफोलियमला कोळशाचे तुकडे, विटांचे खडे आणि नारळाच्या सालीचे तुकडे पुरेत. साल आधी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, त्यात क्षार असतात. दांडा लोंबायचा आहे म्हणून टांगती परडीच घ्या. एन्सिफोलियमला उंच कुंडी आणि या मिश्रणात कुजलेला पाला.

दुसरी गोष्ट जागा. इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सोलापुरात सगळं इथंच घडतं किंवा बिघडतं. गच्चीवर ठेवू नका. मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटली तरी धग सोडत राहतो, म्हणजे झाडाला रात्रीसुद्धा विसावा नाही. त्यापेक्षा खालचं अंगण, कडुनिंबाची सावली, सकाळचं कोवळं ऊन येणारी पूर्वेची बाजू. झाड नसेल तर ५० टक्क्यांची शेडनेट. परडीखाली ओल्या वाळूचा ट्रे ठेवा, आमच्याकडच्या कोरड्या वाऱ्याला तेवढाच उतार पडतो. मार्चनंतर दुपारचं पश्चिमेचं ऊन अजिबात नको. उलट नोव्हेंबर ते जानेवारी कुंडी घरात घेऊ नका, मोकळ्या आभाळाखाली राहू द्या. मिळेल तेवढा गारवा त्याला मिळू द्या. प्रकाश बरोबर आहे की नाही हे पान सांगतं. किंचित पिवळसर हिरवं पान म्हणजे ठीक. गर्द हिरवं, लुसलुशीत पान आपल्याला देखणं वाटतं, पण ते उजेड कमी पडत असल्याचं लक्षण आहे आणि असं झाड फुलायला तयार नसतं.

पाण्याबद्दल. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो आणि पानांची टोकं काळी पडतात. फिल्टरमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी अनेक जण काटकसर म्हणून कुंड्यांना घालतात. ऑर्किडला ते घालू नका, त्यात क्षार आणखी साठलेले असतात. पावसाचं पाणी पिंपात साठवा, त्यासारखं दुसरं नाही. पाणी सकाळी, भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत, आणि पुढचं पाणी मिश्रण वाळत आल्यावर. नव्या फुटव्याच्या पोटात पाणी साचलं तर तो सडतो, एवढं पाहा. खत पावसाळ्यात, वाढीच्या दिवसांत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याला एकदा. मधूनमधून नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा.

कीड म्हणाल तर कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी, शिवाय खवले कीड आणि पिठ्या ढेकूण. पानाची खालची बाजू ओल्या फडक्यानं पुसत राहिलात तर घरच्या दोन-चार कुंड्यांना सहसा औषध लागत नाही. विषाणूचं मात्र औषध नाही. पानांवर फिकट-काळपट चट्टे पाडणारा सिंबिडियम मोझॅक विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर सुरीनं जातो. म्हणून प्रत्येक झाड कापताना पातं ज्योतीवर धरून घ्या. विभागणी दोन-तीन वर्षांनी, फुलं संपल्यावर, आणि एका तुकड्यात किमान तीन-चार कंद राहू द्या. एकेकटा कंद फुटतो, पण फुलायला फार वर्षं घेतो.

मघाशी कोणीतरी विचारलं, बुडाशी आलेला कोंब फुलाचा की पानाचा. पानाचा फुटवा चपटा असतो आणि लवकरच पंख्यासारखा उघडतो. फुलाचा दांडा गोलसर, टोकदार, आणि हलक्या बोटांनी दाबला तर टोकाशी मऊ लागतो. आठवडाभर वाट पाहिली तर दाबायचीही गरज पडत नाही.

फुलं आल्यावर एकच पथ्य. मे महिन्यात घरोघरी आंब्याची आढी असते. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि सिंबिडियमच्या फुलाला तो सोसत नाही. फुलाचा ओठ लालसर होतो आणि फूल कोमेजतं. परागण झालं की फूल स्वतःच्या इथिलीननं हेच करतं. आढीच्या खोलीत ते वेळेआधी होतं. तेव्हा परडी आढीपासून दूर, अंगणातल्या सावलीतच राहू द्या. फुलं बरीच जास्त दिवस टिकतील.