कांचनजंगात बाल्कनी नाहीच!

नमस्कार मंडळी! वास्तुविशारद चार्ल्स कोरियांवरचा मागचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. मुंबईत पेडर रोडजवळ त्यांनी बांधलेल्या त्या कांचनजंगा इमारतीचं एवढं कौतुक कशाला? हल्ली प्रत्येक नव्या टॉवरला डबल हाइट, म्हणजे दोन मजले उंच बाल्कनी असतेच की!

तर आज फक्त तेवढंच बोलू. ओळख पटकन उरकतो: 28 मजले, 32 फ्लॅट, साधारण 84 मीटर उंची, 1983 साली काम पूर्ण. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय आणि पुण्याचं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, हेही कोरियांचंच, हे तुम्हाला माहीत आहे.

आता नीट ऐका. कांचनजंगात बाल्कनी नाहीये. बाल्कनी म्हणजे भिंतीबाहेर काढलेला स्लॅब. कोरियांनी उलटं केलं. इमारतीचा उभा ठोकळा घेतला आणि त्याचे कोपरे आत कोरले, दोन-दोन मजले उंच आणि चांगले खोल.

का कोरले? मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, समुद्र दिसतोही तिकडेच. पण दुपारनंतरचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय शोधला होता, राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांड्यात अडायचा, वारा तेवढा आत यायचा. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीत नेला आणि त्याची बाग केली.

आता हिशेबाने बघू. समजा, सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून 45 अंश वर आहे आणि ऊन समोरून येतंय. 1 मीटरचा छज्जा खालच्या 1 मीटर भिंतीवर सावली देतो. सूर्य 30 अंशांवर आला की तीच सावली 58 सेंटीमीटरवर येते. म्हणजे ऊन जितकं तिरपं, तितकी जागा खोल हवी. खोली म्हणतोय ती रूम नव्हे, डेप्थ!

आणि माझा खरा राग इथे आहे. नवे टॉवर कोरियांची उंची उचलतात, खोली सोडून देतात. तीन फुटांची बाल्कनी डबल हाइट केली की डोक्यावरचं छत आणखी एक मजला वर जातं. मग सावली भिंतीच्या वरच्या भागातच संपते, तुम्ही बसता तिथवर पोचतच नाही. उलट ऊन वाढलं! फोटोत मात्र दोन्ही इमारती सारख्याच दिसतात.

मी हे भोगलंय. आम्ही भाड्याने राहायचो त्या घराचा हॉल पश्चिमेला होता. बाल्कनी स्लायडिंग लावून आत घेतलेली. दुपारी चारला सोफ्याच्या लाकडी हातावर हात ठेववत नसे. आई भाजी निवडायला बसायची ती उन्हाबरोबर खुर्ची मागे सरकवत सरकवत स्वयंपाकघराच्या दाराशी पोचायची. पाच-सहा फूट खोल व्हरांडा असता तर तिने तिथेच भाजी निवडली असती.

एका ताईंनी लिहिलंय, "एवढी जागा उघडी सोडणं श्रीमंतांनाच जमतं." ताई, प्रश्न रास्त आहे. मुंबईत 2012 पासून बाल्कनीही एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्यात, मोजतात, त्यामुळे बिल्डर हात आखडता घेतो हे मान्य. पण नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज बघा. कांचनजंगा पूर्ण होत होती त्याच काळात कोरियांनी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आखलेली वसाहत. मधे अंगण, भोवती सात घरं, कुठलीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे पैसे जमतील तसं घर वाढवता यावं. आज बरीच मूळ घरं ओळखू येत नाहीत इतकी लोकांनी ती वाढवली, आणि कोरियांनी ते आधीच धरलं होतं. तिथेही प्रत्येक घराला आकाशाखालचा तुकडा दिलेलाच होता.

तर फ्लॅट बघायला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका. दुपारी चारला जा, टेप घेऊन. डेक म्हणा, पॉकेट टेरेस म्हणा, कठड्यापासून आतल्या दारापर्यंत मोजा, आणि ऊन दाराच्या आत किती येतंय ते बघा. दोन्ही आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत मी त्यांचे सेक्शन, म्हणजे उभे छेद, काढून दाखवतो.