गोधडीतली बिअर, कूलरपुढचा गहू

[दृश्य: पहाटेची गच्ची. प्लास्टिकच्या कागदावर ओल्या कुरोड्यांची पहिली रांग. सोऱ्याचा करकर आवाज.]

निवेदन:

नागपूर. एप्रिलचा तिसरा आठवडा, पहाटेचे साडेपाच. गच्चीवर अनवाणी वावरायचं तर ते आत्ताच. आठ वाजले की फरशी पाय ठेवू देत नाही.

आई सोऱ्या फिरवतेय. पुण्याकडे याला कुरडई म्हणतात, आमच्याकडे कुरोडी. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून, शिजवून घातलेली. या कुरोड्या तीन दिवसांत कडकडीत वाळून बॅगेत जायला हव्यात, कारण 25 तारखेला आई-बाबा म्युनिकला उतरणार आहेत. माझ्या दादाकडे.

आणि तिकडे, दादाच्या न्हाणीघरात, आणखी एका गव्हाला हीच तारीख गाठायची आहे. वीस लिटर बिअर. गव्हाची. घरी केलेली.

[दृश्य: मोबाईलवरचं हलतं चित्रण. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पांढरी प्लास्टिकची बादली, तिला गुंडाळलेली रंगीबेरंगी गोधडी.]

हे तिकडचं चित्रण दादानंच केलंय. हलतंय, कारण एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात फरशी पुसायचं फडकं आहे. फडकं कशाला, ते पुढे येईलच.

सुरुवात झाली तिकिटं निघाली त्या रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर. दादा म्हणाला, "बाबा, तुम्ही आले की माझ्या हातची बिअर पाजतो." बाबा वर्षातून दोनदा बिअर घेतात, तीही कोणी आग्रह केला तर. ते म्हणाले, "इंजिनिअर व्हायला धाडला होता, पोरगा दारू गाळून राह्यला."

आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी पोळ्या लाटता लाटता तिनं मला विचारलं, "कशाची असते गं ती?"

"गव्हाची."

"गव्हाची?" लाटणं थांबलं. तिथून पुढे ही फिल्म आईची झाली.

एक गोष्ट आधीच सांगते. हे बघून कोणी नागपुरात बादली मांडू नका. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर पूर्ण दारूबंदीच. जर्मनीत मात्र घरच्यापुरती, विकायची नाही अशी बिअर करायला मुभा आहे. म्हणून एक भांडं इथं, एक तिथं.

[दृश्य: म्युनिक. ओट्यावर दोन कागदी पिशव्या. दादा मूठभर दाणे कॅमेऱ्यासमोर धरतो.]

11 एप्रिल, शनिवार. हाती चौदा दिवस. पिशवीत अडीच किलो गव्हाचं मॉल्ट आणि दोन किलो जवाचं. मॉल्ट म्हणजे काय, हे दादा इंजिनिअरी भाषेत समजावत होता. आईनं मधेच तोडलं, "म्हणजे नाचणीचं सत्त्व करतो तसंच ना? भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं." दादा दोन क्षण गप्प. मग म्हणाला, "हो. तसंच."

तसंच आहे. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात, जी पिठाची साखर करू शकतात. लहान बाळाला सत्त्व पचायला हलकं जातं ते त्यामुळेच. बिअरवाला तीच साखर यीस्टला खायला घालतो, एवढाच फरक.

दादानं भरड आधी 45 अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवली. मग 66 अंशांवर तासभर. पहिली वीस मिनिटं लवंगेसाठी. लवंग घालायची नाही हं. त्या ऊबेला दाण्यातून एक आम्ल सुटतं आणि गव्हाच्या बिअरचं खास यीस्ट पुढे त्याचं लवंगेसारख्या वासात रूपांतर करतं. त्याच यीस्टकडून पिकलेल्या केळ्याचाही वास येतो. साधारण हिशोब असा, की थंडाव्यात आंबलं तर लवंग वर येते, ऊबेत आंबलं तर केळं. दादाला लवंग हवी होती. हे लक्षात ठेवा.

गव्हाची एक खोड आहे. जवाला साल असते, तिच्यातून रस गाळून निघतो. मळणी झालेल्या गव्हाला साल उरत नाही, सगळी लापशी होऊन बसते आणि गाळणी तुंबते. त्यावर उपाय म्हणून तिकडे त्यात धानाचं तूस मिसळतात, चव काही लागत नाही, फक्त वाट मोकळी राहते. दादानं तुसाचं पाकीट दाखवलं तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. बाबा भंडाऱ्याकडचे. "आमच्याकडं हे इटाच्या भट्टीत जाळतेत. तिकडं पाकिटात इकतेत?" तो दिवसभर त्यांना बिअरपेक्षा तुसाचंच नवल होतं.

[दृश्य: उकळतं भांडं. वाफेनं धुरकटलेली खिडकी.]

भांडं तासभर उकळतंय, तोवर थोडा इतिहास. म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरियात 1516 साली, 23 एप्रिलला, एक फर्मान निघालं: बिअरमध्ये जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि पाणी, बाकी काही नाही. गहू नाही. गहू पावासाठी राखायचा, असं त्यामागचं एक कारण सांगतात. पण एका सरदार घराण्याला गव्हाच्या बिअरचा हक्क खास मिळाला, आणि 1602 मध्ये तो राजघराण्यानं स्वतःकडे घेतला. रयतेनं जवाची प्यायची, गव्हाची करायचा मक्ता राजाचा, आणि त्या पैशावर खजिना भरायचा. तो मक्ता सैल होऊन साध्या बिअरवाल्याच्या हाती हक्क यायला 1872 उजाडलं. आज तिकडे गव्हाची बिअर म्हणून विकायची तर निम्म्याहून कमी गव्हाचं मॉल्ट चालत नाही. बाबांचा शेरा: "म्हणजे आपला मिठाचा सत्याग्रह."

तसं नाही, पण असू दे.

चौदा दिवसांत करायची तर गव्हाचीच बिअर बरी, हा दादाचा हिशोब मात्र पक्का होता. ही गढूळच असते आणि ताजीच पितात. लागर जातीच्या बिअरसारखी आठवडेच्या आठवडे थंडीत ठेवून निवळायची भानगड नाही. आठवडाभर बादलीत, आठवडाभर बाटलीत. कागदावर चौदा दिवस अगदी बसले.

[दृश्य: बादलीच्या झाकणावरची पाण्याची छोटी नळी. स्थिर. एकही बुडबुडा नाही.]

रविवारी दुपारी, यीस्ट घालून वीस तास झाले, तरी नळीत हालचाल नाही. न्हाणीघरात 14 अंश. म्युनिकचा एप्रिल तो, हीटर बंद केला होता आणि बाहेर पाऊस. यीस्ट मेलेलं नव्हतं, गारठलं होतं. दादानं कॉल लावला तो आईला, मला नाही.

आईनं एकच विचारलं, "आजीची गोधडी कुठाय?"

ही ती गोधडी. आजीच्या नऊवारीचे तुकडे, बाबांचा जुना सदरा, माझ्या शाळेच्या फ्रॉकचा निळा कपडा. थंडीत नागपुरातसुद्धा आमच्या घरी इडलीचं पीठ हिच्यातच यायचं. रविवारी रात्री बादली गोधडीत गेली आणि दादानं हीटर लावला.

सोमवारी नळी बुडबुडायला लागली. दादा खूश. मंगळवारी पहाटे चार वाजता आवाज झाला.

[दृश्य: न्हाणीघराचं छत. तपकिरी शिंतोडे. कॅमेरा खाली येतो: आरसा, टूथब्रश, गोधडी.]

गव्हाच्या यीस्टचा फेस भारी येतो, हे त्यानं वाचलं होतं. बादलीत वर जागा कमी ठेवली, हे तो विसरला. फेस नळीत चढला, नळी तुंबली, आत वायू कोंडला आणि झाकण उडालं. यीस्ट आंबवताना स्वतःही ऊब टाकतं, त्यात गोधडी, त्यात हीटर. आत 24 अंश झाले होते. त्यानं झाकणाला जाड पाईप लावून दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. ते शनिवारीच करायला हवं होतं, हे त्याला मी सांगितलं नाही. आईनं सांगितलं.

[दृश्य: नागपूर. जाळीच्या खिडकीत कूलर, समोर स्टुलावर मोठा गंज, म्हणजे पातेलं.]

आता आमची बाजू. मधे मावशीकडचं लग्न होतं, म्हणून आईचा गहू भिजला तो थेट 17 तारखेला, शुक्रवारी रात्री. इतवारीतून आणलेला पाच किलो लोकवन. रीत अशी, की गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. दाणा नखानं दाबला की दुधासारखा चीक बाहेर यायला हवा.

पण बाहेर 43. एवढ्या उन्हात गहू फुगायच्या आधी आंबतो. थोडा आंबूसपणा हवाच, कुरोडीची चव तीच. पाण्यात आपोआप वाढणारे जिवाणू ते काम करतात. जास्त झालं की मात्र वास घरभर. म्हणून दादा तिकडे बादलीला पांघरूण घालतो, त्याच आठवड्यात आईनं गंज कूलरपुढे ठेवला. सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. रात्री बाबांना कूलरची हवा लागेना, कारण वाटेत गहू.

"मी झोपू का नको?"

"तुम्ही आंबून नाही राहिले," आई म्हणाली.

[दृश्य: दोन चौकटी शेजारी शेजारी. डावीकडे आई चोथा पिळतेय, उजवीकडे दादा काचेची नळी उजेडात धरतोय.]

20 एप्रिल, सोमवार. दोन्हीकडे निर्णयाचा दिवस.

दादाच्या बाटल्या 18 लाच भरायच्या होत्या. पण त्याच्याकडे हायड्रोमीटर आहे. दूधवाल्याचं पाणी पकडायचं लॅक्टोमीटर असतं ना, त्याचाच हा सख्खा भाऊ. रसात साखर जास्त तर तो वर तरंगतो, साखर संपत आली की बुडत जातो. पाण्याच्या मानानं रस किती जड, ते त्याचा आकडा सांगतो. सुरुवातीला 1.050. शनिवारी 1.014, रविवारी 1.012. अजून उतरतोय, म्हणजे साखर उरली आहे. अशात बाटल्या बंद केल्या तर यीस्ट आत खात राहतं, वायू वाढत जातो आणि काच फुटते. घाईत बिअर करणाऱ्याची ही खरी परीक्षा. पहिल्या दिवशी कितीही घाई करा, इथे करायची नाही. सोमवारी पुन्हा 1.012. थांबला. म्हणजे बाटलीतले दोन दिवस गेले, पण बोटं शाबूत राहिली.

त्यानं 11 तारखेच्या उकळीतला दीड-दोन लिटर गोड रस गोठवून ठेवला होता, तो आता मोजून मिसळला. बाटलीतल्या वायूसाठी यीस्टला एवढा शेवटचा घास. जर्मन लोक या रसाला श्पायझं म्हणतात, म्हणजे जेवण.

इकडे आईनं गहू मिक्सरवर वाटला, पिळला, कपड्यानं गाळला आणि रात्रभर निवळत ठेवला. मंगळवारी पहाटे वरचं पिवळसर पाणी ओतून टाकलं, तळाशी खडूसारखा घट्ट पांढरा चीक. हे बघण्यासारखं आहे, म्हणून चित्रण कापलेलं नाही.

[दृश्य: न कापलेला लांब शॉट. गंजात उकळतं पाणी, धारेनं पडणारा चीक, लाटण्यानं ढवळणारा हात.]

आधणात मीठ, चिमूटभर हिंग. एका हातानं चिकाची बारीक धार, दुसऱ्या हातात लाटणं, आणि लाटणं एक क्षणही थांबायचं नाही. थांबलं की गुठळी. आधी दुधासारखं, मग खळीसारखं, मग एकदम जड होतं, आईचा खांदा कामाला लागतो. पांढरा रंग जाऊन काचेची झाक येते. झाकण ठेवून एक वाफ. मग ओल्या बोटानं टोचून पाहायचं, बोटाला चिकटला नाही तर झाला. पहिली वाटी साखर-तूप घालून माझी. सगळं गरम असतानाच सोऱ्यात जायला हवं, गार झाला की तार तुटते.

साडेसातला गच्ची भरली. आणि दुपारी तीनला पश्चिमेकडून काळं आभाळ आलं.

[दृश्य: वारा. फडफडणारा प्लास्टिकचा कागद. धावणारी पावलं.]

अवकाळी. बाबा, मी, खालच्या काकू, सगळे कागदाची टोकं धरून जिन्यातून खाली. पाऊस पडला दहा मिनिटं, पण हवेत ओल राहिली, आणि अर्धवट वाळलेली कुरोडी झाकून ठेवली तर तिला बुरशी येते. आईनं कूलरचं पाणी बंद केलं, नुसता पंखा चालू ठेवला, आणि हॉलभर कुरोड्या. त्या रात्री आम्ही तिघं स्वयंपाकघरात झोपलो. 22 आणि 23 ला ऊन असं पडलं, की जणू झाल्या गोष्टीची भरपाई करून राहिलं होतं. 24 ला कुरोडी मोडली तर टक्कन आवाज आला. डब्यात भरली, डबा साड्यांच्या मधे.

[दृश्य: 25 एप्रिल, संध्याकाळ. म्युनिकचं स्वयंपाकघर. यावेळी चित्रण हलत नाही. मोबाईल डब्याला टेकवून ठेवलाय.]

पाच दिवसांची बाटली. झाकण उघडल्यावर फुस्स झालं, पण लहानसं. उंच ग्लासात फेस दोन बोटं चढला आणि बाबा बघत असतानाच एका बोटावर उतरला. दादाचा चेहरा पडला. गव्हाच्या बिअरचा फेस उभा राहायला हवा, वायूला दिवस कमी पडले.

बाबांनी ग्लास नाकाशी नेला. "केळं."

"लवंगसुद्धा येते का?"

"नाही बा. केळंच. गोपाळकाल्यातलं."

गोधडीतले ते 24 अंश. दादा हसायला लागला.

आई तिकडे कढईपाशी. पहिली कुरोडी तेलात पडली, क्षणभर तळाशी बसली आणि मग फुलून कढईएवढी झाली. तिनं ती बाबांच्या ग्लासाशेजारी ठेवली, ग्लास उचलून वास घेतला, घोट मात्र घेतला नाही.

"खराब नाही झाली," ती म्हणाली. "कच्ची आहे."

उरलेल्या बाटल्या तिनं एकेक मोजल्या. एकोणतीस भरल्या. न्हाणीघरातून धुतलेली गोधडी आणली, पलंगाखाली अंथरली, बाटल्या उभ्या लावल्या आणि वरून पांघरली.

"पुढच्या शनिवारी उघड," ती दादाला म्हणाली. "मधे हात नको लावू."